जबलपूरचा मागूर

गोंदियाहून जबलपूरला गाडी जाते. बालाघाट, नैनपूर करत जंगलातून जाते. पूर्वी ही लाइन छोटी होती आणि गाडी रमतगमत जायची, असं माझा नवरा सांगायचा. मी त्या गाडीत कधी बसले नाही. मोठ्या लाइनीवरच्या गाडीत बसले ती यंदा माघात, एकटीच. पिशवीत दोन लुगडी, वाळलेली अंबाडी, जवसाच्या तेलाची बाटली आणि माझी विळी. विळी गोणपाटात गुंडाळली होती, तरी पातं बाहेर आलं आणि शेजारच्या बाईच्या शालीला लागलं. ती बोलली, मी ऐकून घेतलं. चूक माझीच होती.

मी बाजारात मासे विकते. चौथीपर्यंत शिकले आहे. जबलपूर कसं आहे, असं बाजारातल्या बाया विचारतात, म्हणून हे लिहिते.

जायचं कारण असं. माझी धाकटी बहीण कौसल्या जबलपूरला दिलेली. तिचा नवरा तिथल्या तोफांच्या कारखान्यात होता. लकव्यानं बरीच वर्षं अंथरुणाला खिळला होता, तो दिवाळीनंतर गेला. आमच्या माहेरच्या घराण्यात रीत अशी आहे, की नवरा गेला की बाई मासा सोडते. मग माहेरचं माणूस येतं, मागूर रांधतं आणि पहिला घास तिच्या तोंडात घालतं. त्याला तोंड उघडणं म्हणतात. त्यानंतर तिनं काहीही खावं. कोणी आलंच नाही तर ती मासा खात नाही. आपण होऊन मागायचंही नसतं. आणि जिचं स्वतःचं तोंड बंद आहे, तिला दुसरीचं उघडता येत नाही.

मागूरच का, तर त्याला मधला एकच काटा असतो. बारीक काटे नसतात. दुःखाच्या तोंडाला काटा लागू नये, असं आमची आजी सांगायची. आणि तो चुलीपर्यंत जिवंत हवा. मागूर पाण्याबाहेर ओल्या फडक्यात तासन्‌तास जगतो, बाकीचे मासे जगत नाहीत.

आमच्या माहेरात आता आम्ही दोघीच उरलो आहोत. कौसल्या मला, थोरल्या बहिणीला, बाई म्हणते. तिनं फोन केला, "बाई, तू ये. तुह्याशिवाय कोण आहे आता." मी येते म्हटलं.

तिला एक गोष्ट माहीत नव्हती. माझा नवरा गेला तेव्हा करोना होता, गाड्या बंद होत्या, रस्ते बंद होते. भाऊ येणार होता, त्याआधी तोच गेला. कौसल्या नवऱ्याला सोडून येऊ शकत नव्हती. मग कोणी आलं नाही. मी मासे विकत राहिले, खाल्ले नाहीत. गिऱ्हाइकांना कोणता मासा कसा लागतो ते सांगत राहिले. कौसल्येला वाटलं असेल, चुलत घरचं कोणी येऊन गेलं. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता मी ठरवलं होतं, की गुपचूप जायचं, तिचं तोंड उघडायचं आणि परत यायचं. रीत काय कोणी बघायला येत नाही. मी राहिले तशी ती राहायला नको.

नैनपूरच्या पुढे दाट जंगल आहे. पळस अजून फुलायचा होता. डब्यात एक म्हातारा मटार सोलून खात होता आणि सालं खिडकीतून टाकत होता. त्यानं मलाही मूठभर दिले. जबलपूरकडचा मटार गोड असतो, हे खरं आहे. पुढे नर्मदेचा पूल आला तेव्हा डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले, काहींनी नाणी टाकली. ग्वारीघाट स्टेशन आलं तशी अर्धी गाडी उतरायला लागली. मला वाटलं हेच जबलपूर. मीही उतरले. गाडी गेली आणि फलाटावर मी, माझी पिशवी आणि पिंडदानाला आलेले लोक. भाचा दिलीप मोठ्या स्टेशनावर उभा होता. फोनवर तो हसला आणि म्हणाला, "मावशी, वहीं रुको, मी येतो." त्याला यायला बराच वेळ लागला. मी बाकावर बसले. माझ्या शेजारी एक न्हावी मुंडणाच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला होता. त्यानं विचारलं, अम्मा, किसका करना है? मी म्हटलं, अजून कोणाचं नाही.

कौसल्येचं घर अधारतालला आहे. मोठ्या रस्त्याला दुकानंच दुकानं, मागे गल्लीत घरं. ती दारात उभी होती. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे केस काळे होते. ती रडली. मला रडू येत नाही, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, चहा टाक.

मोरीत बादली होती. तीत तिनं आधीच मागूर आणून ठेवले होते, चार मोठाले. "पाह्य बाई, तुह्या येण्याआधीच आणून ठेवले," ती म्हणाली. मी एक बाहेर काढला, डोक्यामागे अंगठा फिरवला आणि परत टाकला.

"हा मागूर नाही."

"काहून? मिशा आहेत, खवले नाहीत, जिवंत आहे."

"मिशा तर मांजरालाही असतात."

मी तिला दाखवलं. आपल्या मागुराच्या डोक्याचं हाड मागच्या बाजूला एका गोल कमानीसारखं असतं. याचं हाड तीन टोकांचं होतं. अंगावर ठिपक्याठिपक्यांची नक्षी, डोकं अंगापेक्षा जड. हा परदेशी मागूर, लोक थाई म्हणतात. सडकं मटण, कोंबडीची आतडी, काहीही खातो आणि लवकर वाढतो. पाळायला सरकारची बंदी आहे, तरी बाजारात येतोच. मांस पांढरं आणि चरबट असतं. कौसल्या म्हणाली, पन्नास वर्षांत तिनं रोहू आणि कतलाच जास्त आणले, नवऱ्याला तेच आवडत. मागूर ओळखायचा विसर पडला. तिची सून रेखा स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती म्हणाली, "मावशी, मछली तो मछली है ना?" पोरगी वाईट नाही. मराठी समजतं तिला, बोलता येत नाही. मी म्हटलं, मग शाळेतून दुसऱ्याचं पोर घेऊन ये, पोर तो पोर आहे. ती हसली, राग आला नाही तिला. ते चार मासे तिनं शेजारी देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी दिलीपला सुट्टी नव्हती. मी आणि कौसल्या बाजारात गेलो. सगळीकडे तेच तीन टोकांचं डोकं. एका माणसाजवळ शिंगी होती, काळपट लाल, बारीक. मी पाटीत हात घातला नाही. शिंगीच्या कल्ल्याजवळ काटा असतो, तो लागला की हात दिवसभर ठणकतो. शिंगी आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात, रक्त वाढतं म्हणतात. तोंड उघडायला ती चालत नाही, कारण कौसल्या आजारी नव्हती. मी त्याला मागूर विचारला तर तो म्हणाला, अम्मा, यही मागूर का बच्चा है. मी म्हटलं, तू कोणाचा बच्चा आहेस ते तुझ्या आईला विचार. कौसल्येनं माझा पदर ओढला. बाजारात मी अशी बोलते, हे तिला ठाऊक नव्हतं.

कोणीतरी तिलवाऱ्याला जा म्हणालं. तिलवारा म्हणजे नागपूरच्या रस्त्यावर नर्मदेचा घाट आणि पूल. रिक्षानं गेलो. घाटावर लोक कणकेच्या गोळ्या पाण्यात टाकतात आणि मासे उसळून खातात. बायका दिवे सोडत होत्या. पाणी हिरवट आणि स्वच्छ, दगड दिसतात. घाटावर मासा कोणी विकत नाही, पण जरा लांब, रस्त्याच्या उताराला एक नावाडी जाळं वाळवत बसला होता. त्याच्या टोपलीत दोन जाती होत्या. एक टेंगणा, लांब मिशांचा, पाठीवर मऊ पर असलेला, चांदीसारखा. चवीला उत्तम, पण पाण्याबाहेर काढला की मरतो. तो मेलेलाच होता. दुसरा पढीन. त्याचं तोंड डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेलं, आत दातांचे कंगवे आणि पोटाखालचा पर शेपटीपर्यंत गेलेला. अंग चपटं, हातभर लांब. त्यालाही खवले नाहीत आणि बारीक काटे नाहीत. कौसल्या म्हणाली, हाच घेऊ, थकले मी. मी नाही म्हटलं. पढीन मेलेलं खातो. समोर घाटावर राख सोडत होते. तिच्या नवऱ्याची राख तिथूनच सोडली होती, हे तिनंच मला येताना दाखवलं होतं. 

नावाड्यानं सांगितलं, देशी मागूर पाहिजे तर शहपुऱ्याकडे जा. तिकडे शिंगाड्याची तळी आहेत. शिंगाडा संपला की तळं उपसतात आणि चिखलात मागूर सापडतो.

परत येताना पुलावर कौसल्येनं मला विचारलं, गावी कोण कोण आहे. मी सांगितलं. एकेक नाव घेतलं की ते गेलेलंच निघायचं. मग तिनं विचारणं सोडलं.

सुट्टीच्या दिवशी दिलीपनं गाडी काढली. शहपुऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना मटाराची शेतं आहेत. पोती भरून रस्त्यावर ठेवली होती, ट्रक उभे होते. गावाबाहेर तळं होतं, पाणी अर्धं उपसलेलं. शिंगाड्याच्या वेली काळ्या पडल्या होत्या. दोन उलटे घडे फळीला बांधून त्यावर बसून माणसं वेली ओढत होती. काठावर चुलीवर शिंगाडे उकडत होते. चुलीपाशी माझ्याच वयाची एक बाई होती, फूलवती तिचं नाव. तळं तिच्या घरानं बटाईनं (अर्ध्या वाट्यानं) घेतलेलं. ती ढीमर आणि आम्ही ढीवर. धंदा एकच, म्हणून बोलणं लगेच जमलं.

मी मागूर मागितला. तिनं हाक मारली, चिखलातल्या माणसानं गोणपाट आणलं. आतले मासे बोटभर जाडीचे, काळसर तपकिरी. मी एकाच्या डोक्यामागे अंगठा फिरवला. गोल कमान. मी मान हलवली. फूलवतीला समजलं. ती म्हणाली, "तुम तो धंधेवाली हो." (धंद्यातली बाई आहेस.) मी हो म्हटलं.

मग घोळ झाला. फूलवतीनं निखाऱ्यावर एक मागूर भाजायला टाकला होता. पाहुणी आली म्हणून तिनं तो पानावर ठेवून मला दिला. कौसल्येला तिनं विचारलं तेव्हा कौसल्या म्हणाली, माझं अजून व्हायचं आहे, बाईला द्या, बाईचं चालतं. पान माझ्यासमोर होतं. भाजलेल्या मागुराचा वास येत होता. मी पान बाजूला सरकवलं.

कौसल्येनं ते पाहिलं. "बाई, तू काहून खात नाहीस?"

मी खोटं बोलू शकले असते. पोट बिघडलं म्हणता आलं असतं. पण मला ते जमत नाही. मी म्हटलं, "माझंही कोणी उघडलं नाही."

"कवापासून?"

"तो गेला तेव्हापासून."

तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "इतके वर्षं मासे विकून राहिली अन्‌ तोंडात नाही घातला? मला सांगाचं तर होतं व."

"सांगून मागतात का?"

"मग तू मला कशी खाऊ घालणार?"

"हातानं," मी म्हटलं.

दिलीप गाडीला टेकून उभा होता. त्याला काही समजलं नाही. फूलवतीला मात्र आमचं सगळं बोलणं समजलं होतं. तिनं शिंगाड्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, तो दोनों जनी बैठी रहो ऐसई. त्यात टोमणाही होता आणि खरंही होतं. दोघी बंद, तिसरं कोणी नाही. तिनं भाजलेला मासा पानात बांधून घड्यावरच्या माणसाला दिला. आमचे मागूर ओल्या गोणपाटात बांधले आणि वर उकडलेले शिंगाडे दिले.

परतीच्या वाटेवर कौसल्या पुढे दिलीपशेजारी बसली, मी मागे. गोणपाट माझ्या पायाशी होतं. मासे आत हलत होते, मधूनच हवा घ्यायचे, त्याचा बारीक आवाज यायचा. 

घरी मी मोरीत बसले. मागुराला राख चोळली, कारण तो हातात राहत नाही. विळीवर डोकं उतरवलं, तुकडे केले, मिठानं धुतले. रेखा दारात उभी राहून बघत होती, नाकाला पदर लावला नाही तिनं. चुलीची सवय आहे मला, गॅसवर अंदाज चुकतो. जवसाचं तेल, लसूण, तिखट, वरून भिजवलेली अंबाडी. बाकी काही नाही. रस्सा उकळला आणि घरभर वास सुटला. ताट वाढलं. कौसल्या पाटावर बसली, मी समोर बसले. मी भात कालवायला हात पुढे केला तेव्हा तिनं माझा हात धरला.

"थांब बाई. माह्यं तोंड उघडं आहे."

"म्हणजे?"

"तेराव्याला मावशीची सुमन आली होती कटनीहून. तिनं मागूर आणला होता. तिनंच खाऊ घातलं. मावशीची म्हणजे माहेरचीच ना."

"मग मला काहून बोलावलं?"

"पाहावं वाटलं. तशी तू आली नसतीस." हे खरं होतं. मी आले नसते. "आता तू आ कर. माह्यं उघडं आहे, मी तुह्यं उघडू शकते."

रेखा ओट्याशी होती. तिचा हात थांबला. तिनं सासूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत भांड्याकडे वळली.

मी विचारलं, "कसा होता सुमनचा मागूर?"

"चांगला होता," कौसल्या म्हणाली. "बारीक काटे लय होते. एक तर घशात अडकला माह्या."

मी आयुष्यभर मासे विकले आहेत. मागुराला बारीक काटे नसतात. देशीलाही नसतात, परदेशीलाही नसतात. कटनीहून काय, लंकेहून आणला तरी नसतात.

बाजारात कोणी असं बोललं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. इथे मी तोंड उघडलं. तिनं तुकड्यातला मधला काटा काढला, भातात कालवला आणि घास माझ्या तोंडात घातला. थोडा रस्सा माझ्या हनुवटीवर सांडला.

मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं.

मग मी दुसरा घास केला आणि तिच्यासमोर धरला. ती म्हणाली, माझं झालेलं आहे. मी म्हटलं, असू दे, परत कर. तिनं घास घेतला आणि डोळे मिटून चावला, फार वेळ चावला. दोन-तीन महिन्यांपूर्वी मागूर खाल्लेली बाई असा चावत नाही. माझं तोंड खोट्यानं उघडलं असेल, पण उघडलं होतं. त्या उघड्या तोंडाच्या बाईनं तिचं उघडलं. हिशेबात काही राहिलं नाही.

आणखी दोन दिवस राहिले. रेखानं दिलीपसाठी पकोडे केले, उरलेल्या मागुराचे. जबलपुरात बेसन जाड लावतात, त्यात मासा कुठला ते कळत नाही. कौसल्या आणि मी दुपारी उन्हात बसायचो. लहानपणच्या गोष्टी संपल्या की बोलायला काही उरायचं नाही. तिचं आयुष्य मला माहीत नाही, माझं तिला माहीत नाही. ती मटार सोलायची, मीही सोलायचे. स्टेशनवर ती आली नाही, गुडघे दुखतात. दारातूनच हात केला.

गाडीत परत खिडकी मिळाली. नर्मदेच्या पुलावर या वेळी मीही हात जोडले. नैनपूरपर्यंत एकच गोष्ट डोक्यात होती. कौसल्या मासे धरणाऱ्याची लेक आहे. मागूर ओळखायला ती विसरली असेल, पण मागुराला काटे नसतात हे विसरणं अवघड आहे. आजीचं ते बोलणं आम्ही दोघींनी एकाच पाटावर बसून ऐकलं होतं. ती घाईत चुकून बोलली, की खोटं मला कळावं म्हणूनच बोलली, हे मी तिला विचारलं नाही. विचारणारही नाही.

घरी पोचले, कुलूप काढलं, झाडलं. सकाळी बाजारात गेले. माल उतरला, त्यात देशी मागूर होते. शिंगीही होती. एकटीला शिंगी पुरते. मागूर रांधला की दोघांना होतो. मी मागूरच बाजूला ठेवला. अर्धा रात्री खाल्ला, अर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी. शिळ्या मागुराला चव जास्त येते, असं मी एवढी वर्षं गिऱ्हाइकांना न खाता सांगत होते. येते.